सार्वजनिक आरोग्य संशोधनाचे अर्थसाहाय्य आणि समाजहित : गडचिरोलीतील घरोघरी नवजात बालसेवेच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

पदवीच्या वर्गाला सार्वजनिक वित्त हा विषय शिकविताना आरोग्यावरील खर्चाचे प्रकरण आले की चर्चा बहुधा रुग्णालये, खाटा, डॉक्टर आणि औषधे यांच्यापाशी येऊन थांबते. अंदाजपत्रकात आरोग्य संशोधनासाठीही स्वतंत्र तरतूद असते आणि तिचा आपल्या गावातील बाळंतिणीशी संबंध असू शकतो, हे विद्यार्थ्यांना सहसा पटत नाही. प्रस्तुत लेखात तो संबंध महाराष्ट्रातीलच एका उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. ज्या संशोधनातून विकता येण्याजोगी वस्तू निर्माण होत नाही, त्याला बाजारातून पैसा मिळत नाही. मात्र गरीब समाजाला अनेकदा नेमक्या अशाच संशोधनाची गरज असते. तेव्हा त्याचा खर्च कोणी, किती काळ आणि कोणत्या अटींवर करावा, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

गडचिरोलीतील संशोधन

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' या संस्थेमार्फत तेथे कार्य सुरू केले. त्यांच्या संशोधनाचे वैशिष्ट्य असे की, प्रश्न रुग्णालयात आलेल्या रुग्णांवरून ठरविण्यात आला नाही, तो गावातून घेण्यात आला. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यांपैकी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार प्रामुख्याने कुटुंबनियोजन आणि प्रसूती या दोनच चौकटींत होत असे.

पुढचा प्रश्न बालकांच्या न्यूमोनियाचा होता. न्यूमोनिया ओळखण्यासाठी मुलाचे मिनिटाला किती श्वास होतात, हे मोजावे लागते. ज्या सुईणींना थोड्या आकड्यांपुढे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक साधे श्वासमापक तयार करण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपेपर्यंत ठरावीक संख्येपेक्षा अधिक मणी सरकले तर न्यूमोनिया समजायचा. या उपकरणात लाकूड, मणी आणि वाळू यांपलीकडे काही नाही. तथापि निरक्षर सुईणीच्या हाती निदान सोपविता येईल, हा विचार सुचणे आणि तो खरा ठरतो की नाही हे शास्त्रीय कसोटीवर तपासणे, याला मात्र वर्षे लागली.

यानंतर नवजात बालकांचा प्रश्न हाती घेण्यात आला. आजारी नवजात बालकाची जागा रुग्णालयातच, असे त्या काळी सर्वमान्य मत होते. परंतु जेथे बहुतेक प्रसूती घरीच होत आणि आईबाप आजारी बाळाला घराबाहेर नेण्यास तयार नसत, तेथे हे मत निरुपयोगी होते. १९९३ ते १९९५ या काळात ३९ कार्यक्षेत्रातील आणि ४७ तुलनेसाठीच्या गावांतून जन्म-मृत्यूंची नोंद घेऊन मूळ स्थिती निश्चित करण्यात आली. त्यानंतर १९९५ ते १९९८ या तीन वर्षांत कार्यक्षेत्रातील गावांत तेथीलच स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. या 'आरोग्यदूत' स्त्रिया सुईणीबरोबर प्रसूतीला हजर राहत, बाळाचे वजन व तापमान घेत, गुदमरलेल्या बाळाला श्वास देत, कमी वजनाच्या बाळाला ऊब मिळेल अशी व्यवस्था करीत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच, पालकांची संमती असल्यास, प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत.

१९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पुढीलप्रमाणे होते. आरंभी नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे कार्यक्षेत्रात ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८ होता. तिसऱ्या वर्षी कार्यक्षेत्रातील दर २५.५ वर आला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता निव्वळ घट ६२.२ टक्के होती. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी उपचार सुरू होण्यापूर्वी १६.६ टक्के दगावत, ते प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. तुलनेच्या गावांत या काळात केवळ नेहमीची शासकीय सेवाच चालू राहिली, यावर नैतिक आक्षेप घेता येतो, आणि तो हलका मानू नये. परंतु तुलना नसती तर घरच्या सेवेने बाळे खरोखर वाचतात, हे धोरणकर्त्यांना पटवून देणे अशक्य झाले असते, हेही तितकेच खरे.

खर्चाचे गणित आणि ग्राहक नसलेले ज्ञान

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या निबंधातील दोन आकडे अधिक बोलके वाटतात. दर बाळामागे सेवेचा खर्च ५.३ अमेरिकी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या विनिमय दराने सुमारे सव्वादोनशे रुपये, आणि १९९७-९८ मध्ये दर १८ बाळांच्या सेवेमागे एक उपजत वा नवजात मृत्यू टळला. दोहोंचा गुणाकार केला तर एक मृत्यू टाळण्याचा खर्च शंभर डॉलरच्याही आत येतो. अर्थात हा सेवेचा खर्च झाला. सेवेची पद्धत शोधून काढण्याचा, ८६ गावांतील प्रत्येक जन्म व मृत्यू पाच वर्षे नोंदविण्याचा खर्च यात धरलेला नाही. तो एकदाच करावा लागतो. त्याचे फळ मात्र कितीही गावांनी वापरले तरी कमी होत नाही. पाठ्यपुस्तकात ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात, तिचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

आणि म्हणूनच त्याला ग्राहक नाही. लसीचे तसे नाही. कोविड साथीच्या काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि एक खासगी कंपनी यांनी मिळून कोव्हॅक्सिन ही लस विकसित केली, तेव्हा निव्वळ विक्रीवर ५ टक्के स्वामित्वधन परिषदेला मिळावे असा करार होता. लस कुपीत भरता येते, कुपी विकता येते, म्हणून खासगी भांडवल पुढे येते. तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी बाळाच्या घरी जाऊन वजन करण्याच्या पद्धतीचे पेटंट कोण घेणार? ज्या संशोधनाने पुढे देशाचे धोरण बदलले, त्याला प्रामुख्याने फोर्ड फाउंडेशन आणि मॅकआर्थर फाउंडेशन या अमेरिकी धर्मादाय संस्थांचे अर्थसाहाय्य होते. या संस्थांविषयी कृतज्ञताच असावी. परंतु गडचिरोलीच्या बाळाविषयीचा प्रश्न विचारण्यास लागणारा पैसा शिकागो आणि न्यूयॉर्क येथून यावा, ही आपल्या वित्तव्यवस्थेला भूषणावह गोष्ट नव्हे.

पुढे ही पद्धत महाराष्ट्रातील 'अंकुर' प्रकल्पात सात ठिकाणी आणि त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेमार्फत पाच राज्यांत तपासण्यात आली. २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्तीच्या माध्यमातून ती राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारली. ठरलेल्या गृहभेटी पूर्ण केल्यावर आशाला २५० रुपये देण्याचे निश्चित झाले. म्हणजे मूळ निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यापासून बारा वर्षांनी. देशाचा नवजात मृत्युदर नमुना नोंदणी पद्धतीनुसार २००० मध्ये ४४ होता, तो २०२० मध्ये २० झाला. या घटीचे सारे श्रेय एका पद्धतीला देणे चुकीचे ठरेल. २००५ पासूनची जननी सुरक्षा योजना, संस्थात्मक प्रसूतींचे वाढलेले प्रमाण आणि जिल्हा रुग्णालयांतील नवजात अतिदक्षता कक्ष यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

स्वदेशी निधीचे एक उदाहरण

देशाच्या सार्वजनिक निधीतून असे संशोधन होऊच शकत नाही, असे मात्र नाही. झारखंडमधील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात 'रेशन्स' या नावाने झालेल्या चाचणीचा खर्च भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केला. क्षयरुग्णाच्या घरातील माणसांना तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या दिल्या तर त्यांना क्षय होणे टळते काय, एवढाच प्रश्न होता. दहा हजारांहून अधिक कुटुंबीयांचा त्यात समावेश होता. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यानुसार नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेतील मासिक साहाय्य ५०० वरून १,००० रुपये करण्यात आले. त्यामागे इतरही कारणे असतील, परंतु हातात पुरावा असल्याने निर्णय सोपा झाला असावा असे मानण्यास जागा आहे. डाळ-तांदळाचेही पेटंट नसते.

तरतूद किती आणि कशी

राष्ट्रीय आरोग्य धोरण, २००२ मध्ये शासकीय आरोग्य संशोधनावरील खर्च २००५ पर्यंत एकूण आरोग्य खर्चाच्या १ टक्का आणि २०१० पर्यंत २ टक्के करण्याचे उद्दिष्ट होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाचा एकूण आरोग्य खर्च सुमारे ९ लाख कोटी रुपये होता आणि त्यातील ३९.४ टक्के भार कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून उचलला. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात आरोग्य संशोधन विभागासाठी सुमारे ३,९०० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. वर्षे भिन्न आहेत आणि जैवतंत्रज्ञानासारख्या अन्य विभागांचा पैसा यात धरलेला नाही. तरी अंतर किती आहे, हे समजण्यास एवढे पुरेसे आहे.

रकमेइतकेच निधीचे स्वरूपही महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखकाच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना लघुसंशोधन प्रकल्पाचा पहिला हप्ता फेब्रुवारीत मिळाला आणि विनियोग प्रमाणपत्र मार्चअखेर मागण्यात आले. त्यांनी नाइलाजाने संगणक व पुस्तके घेतली. गावांची पाहणी राहून गेली. निधी देणाऱ्याची नियत वाईट होती असे नव्हे, परंतु लेखापरीक्षणाला पावती दिसते, गावात घालविलेला दिवस दिसत नाही. गडचिरोलीत पहिली दोन वर्षे केवळ मूळ स्थिती नोंदविण्यात गेली. वार्षिक हप्त्यांच्या चौकटीत त्या दोन वर्षांचा अहवाल 'प्रगती शून्य' असाच झाला असता.

बीड जिल्ह्यातील एक प्रश्न

आज महाराष्ट्रात याच जातीचा एक प्रश्न उभा आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांचे शासकीय सर्वेक्षण झाले, तेव्हा १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आल्याचे निष्पन्न झाले. चर्चा बरीच झाली, खासगी रुग्णालयांवर नियंत्रणे आली. परंतु अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे यांसारख्या तक्रारींवर फडातच, कोयता खाली न ठेवता, वेळीच कोणता स्वस्त उपचार मिळाला तर शस्त्रक्रियेची वेळ येणार नाही, हे शोधण्यासाठी गडचिरोलीसारखी तुलनात्मक चाचणी हवी. १९८९ च्या त्या अभ्यासाचा हा उरलेला अर्धा भाग आहे. या चाचणीतून कोणतीही नवी गोळी निघणार नाही. कदाचित जुन्याच औषधांचा एक क्रम, मुकादमाच्या टोळीबरोबर फिरणारी एक प्रशिक्षित स्त्री आणि कारखान्याच्या तळावर पाण्याची व आडोशाची सोय, एवढेच निघेल. निदान तीन गळीत हंगाम त्याच स्त्रियांचा मागोवा घ्यावा लागेल, तोही बीडमध्ये, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात. हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि टोळ्या गावी परततात त्या मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे नेमक्या अनुदानाचे वर्ष संपते तेव्हा.