प्लुटोनियमचा प्रश्न व अंतःस्फोटाची पद्धती

अणुकेंद्राच्या भंजनाचा शोध लागला तेव्हाच अणुबाँब तत्त्वतः सिद्ध झाला, पुढचे काम केवळ यंत्रसामग्रीचे होते, असा समज पुष्कळदा आढळतो. तो किती अपुरा आहे, हे १९४४ साली अमेरिकेतील लॉस अ‍ॅलॅमॉस येथील प्रयोगशाळेपुढे उभ्या राहिलेल्या एका प्रश्नावरून दिसून येते.

अस्त्राची मूळ योजना साधी होती. युरेनियम–२३५ किंवा प्लुटोनियम–२३९ यांचे वस्तुमान विशिष्ट मर्यादेपलीकडे गेले, की साखळी-विक्रिया वाढत जाते. म्हणून मर्यादेच्या आतील दोन तुकडे घेऊन, एक तुकडा तोफेतून दुसऱ्यावर सोडावयाचा. याला ‘तोफपद्धती’ म्हणता येईल. मात्र तुकडे पूर्णपणे एकत्र येण्यापूर्वीच एखाद्या न्यूट्रॉनामुळे विक्रिया सुरू झाली, तर द्रव्य अकाली प्रसरण पावते व स्फोट क्षीण होतो.

सायक्लोट्रॉनच्या साहाय्याने मिळविलेल्या अत्यल्प प्लुटोनियममध्ये हा धोका फारसा दिसला नव्हता. परंतु १९४४ च्या वसंतात ओक रिज येथील अणुभट्टीतून आलेले नमुने एमिलिओ सेग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले, तेव्हा आपोआप होणाऱ्या भंजनाचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले. भट्टीतील न्यूट्रॉनांच्या दाट माऱ्यात प्लुटोनियम–२३९ ची काही अणुकेंद्रे आणखी एक न्यूट्रॉन ग्रहण करून प्लुटोनियम–२४० बनतात, आणि त्यांचे भंजन आपोआप होत असते. दोन्ही समस्थानिकांच्या वस्तुमानांत एकाच एककाचे अंतर असल्यामुळे ते वेगळे करणे व्यवहार्य नव्हते. जुलै १९४४ मध्ये प्लुटोनियमसाठी तोफपद्धती सोडून द्यावी लागली. हॅनफर्ड येथे प्रचंड खर्चाने उभारले जाणारे प्लुटोनियमचे कारखाने व्यर्थ ठरण्याची वेळ आली.

उपाय उरला तो सेथ नेडरमायर यांनी १९४३ मध्ये पुरस्कारिलेल्या अंतःस्फोटाचा. प्लुटोनियमच्या गोलाभोवती स्फोटक द्रव्य रचून तो सर्व बाजूंनी एकाच वेळी दाबला, की त्याची घनता वाढते. अणुकेंद्रे जवळ येतात आणि तेच वस्तुमान मर्यादेपलीकडचे ठरते. ही क्रिया तोफेच्या मानाने अतिशय जलद असल्याने भटक्या न्यूट्रॉनांना अवसर उरत नाही. अडचण होती ती सममितीची. निरनिराळ्या बिंदूंपासून निघणारे आघाततरंग पसरत जाऊन एकमेकांवर आदळत व गोल वेडावाकडा चेपला जाई. त्यावर शीघ्र व मंद स्फोटकांची ‘भिंगे’ योजण्यात आली. काचेचे भिंग प्रकाशतरंगाला जसे केंद्राकडे वळविते, तशीच ती आघाततरंगाला वळवीत. ऑगस्ट १९४४ मध्ये ओपेनहायमर यांनी प्रयोगशाळेची पुनर्रचना केली. स्फोटकांचा विभाग किस्टियाकोव्हस्की यांच्याकडे आला.

१६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सुमारे ६ किलोग्रॅम प्लुटोनियमचा प्रायोगिक स्फोट घडविण्यात आला. त्याची शक्ती २०,००० टन टीएनटीहून अधिक भरली. ६ ऑगस्टला हिरोशिमावर टाकलेला युरेनियमचा बाँब तोफपद्धतीचा होता. त्याची पूर्वचाचणी आवश्यक वाटली नव्हती. ९ ऑगस्टला नागासाकीवर पडला तो अंतःस्फोटाचा.

ज्या जर्मनीच्या भयाने हे कार्य आरंभिले गेले, ती मे महिन्यातच शरण आली होती. तथापि काम थांबले नाही. दोन समस्थानिकांतील एका न्यूट्रॉनाच्या फरकाने निर्माण केलेले कोडे वर्षभरात सुटले. त्या उत्तराचे मोल मात्र नागासाकीच्या सहस्रावधी नागरिकांना प्राणांनी द्यावे लागले. या संशोधनाचा अभ्यास करताना हे दोन्ही निष्कर्ष एकत्रच ध्यानात ठेवावयास हवेत.