कथानाट्य खेळ आणि पूर्वप्राथमिक शिक्षण : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी (तत्कालीन ठाणे, २०१४ पासून पालघर जिल्हा) येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडीची कल्पना साकारली. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ठाकूर आणि कातकरी बालकांच्या संदर्भात हाच विचार भाषेलाही लागू पडतो. घरची बोली व प्रमाण मराठी यांतील अंतरामुळे बालक अबोल राहिल्यास त्याचे मौन हेच अज्ञान समजले जाण्याचा धोका असतो.

कथानाट्य खेळात बालक स्वतःच्या बोलीत गोष्ट सांगते, सेविका ती त्याच्याच शब्दांत लिहून घेते व मुले ती साभिनय खेळतात. दगडाला भाकर मानणारे बालक एका वस्तूच्या जागी दुसरी कल्पिते. अक्षर हे ध्वनीचे चिन्ह आहे, हे उमगण्याची ही पूर्वतयारी होय. प्रसंगांच्या मांडणीतून क्रमबोध, भाकरी वाटण्यातून संख्याबोध आणि भूमिका निभावण्यातून आत्मनियमन विकसित होते.

वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील बालकांना अंगणवाडीचा सहवास अल्पकाळ लाभतो. या खेळास महागडे साहित्य लागत नाही. बोली ऐकून घेण्याची तयारी मात्र लागते. सेविकांच्या प्रशिक्षणात तिला स्थान मिळणे अगत्याचे आहे.