सोने, लोखंड, लाकूड आणि बोरू

इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावर, दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखात तोराजा लोक राहतात. त्यांची होडीसारख्या छपरांची नक्षीदार घरे आणि अनेक दिवस चालणारे अंत्यविधी पाहायला जगभरातून पर्यटक जातात. पण ही नक्षी कोणाच्या घरावर असायची आणि कोणाला ती कोरायची बंदी होती, हे पर्यटकाला कोण सांगणार? आम्हाला आज त्याविषयीच बोलायचे आहे.

तोराजा समाज परंपरेने चार थरांत विभागलेला आहे. थरांची नावेच बोलकी आहेत. सर्वांत वर सोने, त्याखाली लोखंड, मग ताडजातीच्या झाडाचे लाकूड आणि तळाला बोरू. सोने आणि लोखंड म्हणजे लहानमोठी सरदार घराणी, लाकूड म्हणजे रयत आणि बोरू म्हणजे दास. दासाने अंगावर सोने घालायचे नाही, घरावर नक्षी कोरायची नाही, मालकाच्या ताटात जेवायचे नाही. स्वतंत्र घरातील स्त्रीशी त्याने संबंध ठेवला तर शिक्षा मृत्यूची!

थर आईकडून मुलांना मिळे. म्हणून खालच्या थरातील स्त्रीशी लग्न निषिद्ध. वरच्या थरातील स्त्री केली तर पुढची पिढी वर चढे. म्हणजे उच्चनीचतेचा सारा पहारा बाईच्या कुशीवर!

लग्न ठरते तेव्हाच 'कापा' ठरतो. हा हुंडा नव्हे. लग्न मोडल्यास दोषी पक्षाने दुसऱ्याला द्यायचा हा दंड आहे. सोन्याच्या थराला २४ म्हशी, लाकडाच्या थराला २ आणि बोरूच्या थराला एक डुकरीण! संसार मोडल्याचे दुःख दोन्ही घरी सारखेच. मग भरपाईत एवढे अंतर का? कारण इथे मोजला जातो तो अपराध नव्हे, तर जन्म.

१९०६ साली डचांनी हा मुलूख जिंकला आणि १९०९ साली डच सरकारने दासप्रथा रद्द केली. पुढे मिशनरी आले, बहुसंख्य तोराजा ख्रिस्ती झाले. आज दासांची नातवंडे परगावी कमावतात, गावी येऊन थाटाने विधी करतात आणि जुन्या घराण्यांना ते खुपते. कोणाला तोंडावर दास म्हणणे आता अपमान समजला जातो. पण सोयरिकीच्या बैठकीत घराण्याची चौकशी होतेच आणि परंपरेने होणाऱ्या लग्नांत कापा आजही थर पाहूनच ठरतो.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ गटातल्या गटात होणाऱ्या लग्नांत दाखवले होते. तोराजांचे थर म्हणजे आपल्याकडच्या जाती नव्हेत. तिथे वर चढायला एक फट तरी होती. तरीही धडा तोच आहे. दासाची बेडी सरकारी हुकमाने तुटली, पण सोयरिकीतील बेडी शंभर वर्षांनंतरही शाबूत आहे. ज्या दिवशी सोन्याच्या आणि बोरूच्या लेकीचा कापा एकच ठरेल, त्या दिवशीच तोराजांची दासप्रथा खऱ्या अर्थाने संपली असे आम्ही म्हणू.