सोडल्यानंतरची पंधरा वर्षं

२ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली. पाळी सुटली की टपरीवर एक शिलगावायची, ही तारापूर एमआयडीसीतल्या अनेक कामगारांची सवय काही एका नियमाने सुटणारी नव्हती. पण त्या दिवशी बोईसरजवळच्या सरावलीत ज्या कुणी बिडी-सिगारेट कायमची सोडली असेल, त्याच्या शरीरात पुढे काय घडत गेलं, याचा मागोवा आज घेता येतो.

पहिल्या वीस मिनिटांतच नाडी आणि रक्तदाब उतरू लागले. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो. बारा तासांत तोही हटला. मग सुरू झाली तलफ. चिडचिड, उडालेली झोप, कामात न लागणारं मन. पहिला आठवडा सगळ्यात कठीण. मात्र तलफेचा एकेक झटका काही मिनिटांतच ओसरतो. त्या वर्षी दिवाळी महिनाअखेरीस आली, तोवर तलफेचा भर बराच उतरला असणार.

पुढच्या काही आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारलं. श्वासनळीतले बारीक रोम धुराने लुळे पडलेले असतात. ते पुन्हा हलू लागले आणि साचलेला कफ वर ढकलू लागले. इथेच अनेकजण फसतात. ‘बिडी सोडली नि खोकला वाढला’ म्हणत पुन्हा ओढू लागतात. तो खोकला छातीच्या साफसफाईचा असतो. नऊ महिन्यांच्या आत तो कमी होतो आणि बोईसर स्टेशनचा जिना चढताना दम कमी लागतो.

ऑक्टोबर २००९ पर्यंत, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत हृदयविकाराचा धोका निम्म्यावर आला. २०१८ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही साधारण निम्मा झाला. २०२३ मध्ये हृदयविकाराचा धोका कधीच न ओढणाऱ्याइतका खाली आला.

हे सगळं मिळालं, ते धूर सोडून तंबाखूची चिमूट गालात न धरणाऱ्याला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी होऊनही ही स्थिती होती. तोंडाच्या कर्करोगाची वाट तिथूनच जाते.

‘इथली हवाच अशी, एका बिडीने काय होतंय?’ हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. कारखान्यांच्या धुरावर आपला एकट्याचा ताबा नाही, म्हणून तर हातातला धूर आधी टाकायला हवा. फुटलेले वायुकोश पुन्हा उभे राहत नाहीत, हे खरं. पण ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासात चाळिशीत सोडणाऱ्यांना सुमारे नऊ, तर साठीत सोडणाऱ्यांनाही तीन वर्षं जास्त मिळाली.

सोडायला मदत हवी असेल, तर १८००-११-२३५६ हा विनाशुल्क क्रमांक आहे. पुढची पाळी सुटायच्या आत तो फिरवा.