शॉकअपच्या डोक्यावरचं रबर

बॉनेट उघडलं की इंजिनाच्या डाव्या-उजव्या अंगाला पत्र्यातून वर आलेले दोन गोल उंचवटे दिसतात. मधोमध एक मोठा नट, भोवती दोन-तीन लहान. तेल तपासायला, पाणी भरायला आपण कितीदा तरी बॉनेट उघडतो, पण या उंचवट्यांकडे नजर जात नाही. गाडीच्या पुढच्या भागाचं जवळजवळ सगळं वजन या दोन जागांवरून चाकांवर उतरतं, आणि उतरताना ते मूठभर रबरातून जातं. गॅरेजमध्ये त्याला शॉकअपचं माउंटिंग म्हणतात. नवलाच्या वस्तूंची यादी करायची झाली, तर मी हे माउंटिंग त्यात फार वर ठेवीन.

उदाहरणाला फियाटची पॅलिओ १.६ घेऊ. पॅलिओ २००१ साली आपल्याकडे आली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची आणि जाहिरातीत सचिन तेंडुलकर असायचा. १.६ लिटरचं इंजिन, शंभर अश्वशक्तीच्या घरातली ताकद. दिसायला घरची लहान गाडी, धावायला स्पोर्ट्स कार. तिला जपणारे शौकीन अजूनही आहेत. वजन हजार किलोच्या आसपास आणि त्यातलं साठ टक्के पुढच्या चाकांवर, म्हणजे एकेका माउंटिंगच्या वाट्याला ३०० किलोंच्या जवळपास भार. हा झाला गाडी उभी असतानाचा हिशोब. खड्ड्यात चाक आपटलं की तोच भार क्षणभर कितीतरी वाढतो.

आणि धाराशिव जिल्ह्यात चाकाला असे क्षण कमी मिळत नाहीत. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव महामार्ग सरळ आहे, पण लोहारा, कळंब, परंड्याकडच्या आतल्या रस्त्याला लागलं की गाव आलं की गतिरोधक, गाव संपलं की पुन्हा गतिरोधक. त्यात खालची काळी जमीन. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचं डांबर दर वर्षी थोडं उचलतं, थोडं बसतं. म्हणून जिथे एकही खड्डा नाही, तिथेही रस्ता लाटा धरतो आणि गाडी सतत वरखाली होत राहते. माउंटिंगला विसावा असा नाहीच.

गाडीचा भार शॉकअपच्या टोकावर ठेवणाऱ्या या रचनेच्या मुळाशी अर्ल मॅकफर्सन हे अमेरिकन अभियंते आहेत. दुसरं महायुद्ध संपल्यावर ते जनरल मोटर्समध्ये शेव्हरोले कॅडेट नावाची छोटी, स्वस्त गाडी घडवत होते. १९४७ मध्ये कंपनीने ती गाडीच रद्द केली. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले आणि १९५० च्या ऑक्टोबरात लंडनच्या मोटार प्रदर्शनात फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर या गाड्या त्यांच्या पद्धतीचे स्ट्रट घेऊन उभ्या राहिल्या. तोवर स्वतंत्र सस्पेन्शन म्हणजे बहुतेक वेळा प्रत्येक चाकाला वर एक आर्म, खाली एक आर्म, मध्ये स्प्रिंग आणि शेजारी शॉकअप असा पसारा. मॅकफर्सननी वरचा आर्म काढूनच टाकला. शॉकअपलाच खांब, म्हणजे स्ट्रट, बनवलं, त्याच्या भोवती स्प्रिंग बसवली आणि खांबाचं वरचं टोक थेट बॉडीला टेकवलं. सुटे भाग कमी झाले, इंजिनाला जागा मिळाली, खर्च उतरला. आपल्याकडे १९८३ च्या मारुती ८०० पासून पुढे लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांना बहुतेक हीच पद्धत आली.

पण काढून टाकलेल्या भागांची कामं कुणाला तरी करावीच लागतात. ती खांबाच्या टोकावर येऊन पडली. या टोकाने भार तोलायचा. चाक वरखाली होताना खांब किंचित कलतो, तेव्हा त्याला कलू द्यायचं. स्टेअरिंग फिरवलं की स्प्रिंगसकट अख्खा खांब स्वतःभोवती फिरतो, तेव्हा त्याला फिरू द्यायचं. आणि हे सगळं करताना रस्त्याची खरखर आत बसलेल्यांच्या कानापर्यंत पोचू द्यायची नाही. फिरण्यासाठी माउंटिंगमध्ये एक चपटं बेअरिंग असतं. बाकीचं सगळं रबर करतं.

रबर हे कसं करतं, हा माझ्या मते या गोष्टीचा सगळ्यात सुंदर भाग. एक रुंद रबरबँड घ्या, झटकन ताणा आणि ताणलेला तसाच ओठांना लावा. तो कोमट लागेल. थोडा वेळ ताणलेला ठेवून मग सैल सोडा आणि लगेच पुन्हा ओठांना लावा. आता गार लागेल. इंग्लंडमधल्या जॉन गॉफ या अंध संशोधकाने १८०५ मध्ये हे नोंदवून ठेवलं. लोखंडी स्प्रिंग दाबली की तिच्यातले अणू आपापल्या जागेवरून किंचित सरकतात आणि जागेवर परतण्यासाठी उलट जोर लावतात. रबराचं तसं नाही. त्याच्या आत हजारो कड्यांच्या लांबच लांब साखळ्या असतात, उकळत्या पाण्यातल्या शेवयांसारख्या गुंतलेल्या आणि सतत वळवळणाऱ्या. रबर ताणलं की त्या एका दिशेला सरळ होतात. पण सरळ राहण्याचे मार्ग मोजके आणि गुंतून राहण्याचे मार्ग अगणित. उष्णतेने चाललेली वळवळ त्यांना पुन्हा गुंत्याकडे ओढते. ते ओढणं म्हणजेच रबराचा जोर. तुमची गाडी अंशतः अव्यवस्थेच्या आधारावर उभी आहे, हे वाक्य भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अगदी खरं आहे.

या साखळ्या एकमेकींवरून घसरून जाऊ नयेत म्हणून त्यांच्यात गंधकाचे पूल बांधावे लागतात. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये ही किमया साधली. त्याच प्रक्रियेत रबर लोखंडी पत्र्याला असं चिकटवता येतं, की पुढे ओढून तोडलं तर रबर फाटतं, जोड सुटत नाही. मग आकाराची जादू सुरू होते. रबराचा आकार बदलणं सोपं, पण घनफळ बदलणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे दोन पत्र्यांमध्ये धरलेला रबराचा पातळ थर दाबाला दगडासारखा घट्ट आणि आडव्या सरकण्याला मऊ असतो. एकच पदार्थ, पण एका दिशेला एक स्वभाव, दुसऱ्या दिशेला दुसरा. माउंटिंग घडवणारा अभियंता थरांची जाडी आणि कोन बदलून हे स्वभाव ठरवतो.

हेच तत्त्व महामार्गांवरच्या अनेक पुलांच्या गर्डरखाली रबर-पोलादाच्या ठोकळ्यांत आहे, आणि भूकंपात तग धरणाऱ्या इमारतींच्या पायातही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव या दोन्ही जिल्ह्यांतली गावं उद्ध्वस्त केली. लोहारा तालुक्यातलं सास्तूर त्यांतलंच. दगड-मातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या. त्या वेळी न्यूझीलंडच्या राजधानीत मात्र १९८१ पासून एक सरकारी इमारत रबर, पोलाद आणि शिशाच्या ठोकळ्यांवर उभी होती. २००१ च्या भूकंपानंतर भुजचं रुग्णालय पुन्हा बांधताना ते तंत्र आपल्याकडे वापरलं गेलं. जमीन हलली तरी वरचं घर कमी हलावं, रस्ता हलला तरी आतला माणूस कमी हलावा, मागणी एकच.

आता झीज. हवेत ओझोन नावाला असतो, तरी ताणलेल्या रबरावर तो बारीक चिरा पाडतो. उष्णता त्याहून वाईट. तापमान दहा अंशांनी वाढलं की रबराचं म्हातारपण साधारण दुप्पट वेगाने येतं, असा ढोबळ नियम आहे. धाराशिवच्या मे महिन्यात बाहेरच चाळिशी ओलांडते, बॉनेटखाली तर विचारूच नका. साखळ्यांमध्ये नको तिथे नवे पूल बांधले जातात, वळवळीला वाव उरत नाही, रबर कडक होतं, मग चिरतं. वीसेक वर्षांच्या गाडीत मूळ माउंटिंग असेल, तर ती फार धावलेली नसली तरी रबर म्हातारं झालेलंच असतं.

ते ओळखायची रीत साधी आहे. गाडी उभी असताना एकाने स्टेअरिंग पूर्ण इकडून तिकडे फिरवायचं, दुसऱ्याने बॉनेटखाली माउंटिंगच्या टोकावर पंजा ठेवायचा. “हात ठेव रे, मी फिरवतो,” असं म्हणत मिस्त्री पोराला हेच काम देतात. बेअरिंग अडकलं असेल तर स्प्रिंग आधी पीळ खाते आणि मग ‘टण्ण’ करून सुटते, तो हिसका पंजाला कळतो. गतिरोधकावर खडखड, वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ न होणं, याही खुणा थकलेल्या माउंटिंगच्याच.

माउंटिंग बदलताना मात्र एका गोष्टीत घाई चालत नाही. मधला नट स्प्रिंग दाबून बांधल्याशिवाय कधीही सोडायचा नाही. लहान गाडीची स्प्रिंग मिलिमीटरमागे साधारण दोन किलो जोर धरते असं समजा. १५० मिलिमीटर दाबलेल्या अशा स्प्रिंगमध्ये सव्वादोनशे ज्यूल ऊर्जा कोंडलेली असते, म्हणजे दहा किलोची पिशवी सव्वादोन मीटरवरून खाली पडली तर जेवढी, तेवढी. ती तोंडासमोर सुटू शकते. म्हणून आधी सगळा स्ट्रट गाडीतून उतरवायचा, स्प्रिंग कॉम्प्रेसरचे आकडे समोरासमोर लावून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आवळत जायचं, स्प्रिंग वरच्या वाटीत सैल झाली की मगच नटाला पाना लावायचा. बेअरिंगही सोबतच बदलावं. ते वाचवून पुन्हा तेवढंच काम करण्यात अर्थ नाही. आणि एकच बाजू वाजत असली तरी जोडी बदलावी, कारण दोन्ही रबरांनी एकाच रस्त्यावर तितकेच उन्हाळे काढलेले असतात.

शेवटी व्हील अलाइनमेंट. खांबाचं वरचं टोक खालच्या सांध्यापासून साधारण ६०० मिलिमीटरवर असतं. बसलेल्या रबरामुळे ते टोक सहा मिलिमीटर आडवं सरकलं, तर चाक अर्ध्या अंशाहून जास्त कलतं आणि टायर एका कडेने घासत राहतो. नवं माउंटिंग ते टोक मूळ जागी आणतं, पण जुन्या जागेच्या हिशोबाने लावलेलं अलाइनमेंट तेवढ्यानेच चुकीचं ठरतं. म्हणून गॅरेजमधून निघालेली गाडी आधी अलाइनमेंटच्या मशीनवर न्यावी, तुळजापूरचा घाट त्यानंतर.