जुना डेस्कटॉप आणि नवी एसएसडी

दहा-बारा वर्षांपूर्वी मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला डेस्कटॉप आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजून कोपऱ्यात आहे. बटण दाबून चहा टाकावा, चहा पिऊन व्हावा, तरी तो पुरता सुरू झालेला नसतो. दुकानदार म्हणतो, ‘नवाच घ्या.’ आम्ही म्हणतो, थोडे थांबा. प्रोसेसर कोअर आय-३ किंवा त्यावरचा आणि रॅम किमान ४ जीबी असेल, तर दोष बहुतेक वेळा हार्ड डिस्कचा असतो. रॅम दोनच जीबी असेल, तर मात्र आधी पैसे तिकडे घालावेत.

हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते, मिनिटाला ७,२०० फेरे. हवी ती जागा वाचण्यासाठी दर वेळी सुमारे १२ मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर ठिकाणे. विंडोज सुरू होताना तर हजारो बारीकसारीक फायली ठिकठिकाणांहून गोळा कराव्या लागतात. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. साधीशी एसएसडीही सेकंदाला हजारो ठिकाणे वाचते. खरा फरक इथे पडतो. खोक्यावर छापलेल्या ‘सेकंदाला इतके एमबी’ या आकड्याने नव्हे.

म्हणूनच महागडी घेण्याचे कारण नाही. २०११ नंतरच्या काही वर्षांत आपल्याकडे खपलेले बरेच डेस्कटॉप एच-६१ चिपसेटच्या मदरबोर्डचे आहेत. त्या चिपसेटचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे, त्यांचा वेग सेकंदाला २८० एमबीच्या आसपास थांबतो. साध्या साटा एसएसडीची क्षमता ५५० एमबीपर्यंत असते, म्हणजे तिचाही निम्मा वेग तिथे वापरला जात नाही. तरीही मशीन नव्यासारखे वाटते. एनव्हीएमई एसएसडीसाठी या बोर्डांवर बहुधा स्लॉटच नसतो. तेव्हा दुकानात ‘अडीच इंची साटा एसएसडी’ असेच मागावे. बोर्ड थोडा नवा असून त्यावर एम.२ स्लॉट असला, तरी एम.२ हे फक्त आकाराचे नाव आहे. आत साटा चालते की एनव्हीएमई, हे बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच घ्यावे.

२५६ जीबी पुरते, पण ५०० जीबीची घेता आली तर उत्तम. खोक्यावर ‘टीबीडब्ल्यू’ नावाचा आकडा असतो: एकूण किती टेराबाइट लिहून होईपर्यंत कंपनी हमी देते, तो. समजा तो १२० आहे. घरगुती वापरात रोज २० जीबी लिहिले, तर वर्षाला साडेसात टीबीही होत नाहीत. सोळा वर्षे लागतील. त्यामुळे त्या आकड्याची धास्ती नको, वॉरंटी तीन वर्षांची की पाच वर्षांची ते पाहावे. नाव न ऐकलेल्या कंपनीची एक टीबी निम्म्या किमतीत मिळत असेल, तर आम्ही तरी घेणार नाही.

एसएसडी बसवण्याआधी निकाहचे फोटो, मार्कशीट, दाखल्यांचे स्कॅन, उर्दूच्या इनपेज फायली, सगळे वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवावे. नव्याने विंडोज टाकल्यास इनपेजही नव्याने टाकावे लागते, तेव्हा त्याचा सेटअप घरात आहे का ते आधीच शोधावे. पुढेही दुसरी प्रत हवीच. हार्ड डिस्क बिघडण्याआधी पुष्कळदा खरखर करते, एसएसडी मात्र बरेचदा काही न सांगता बंद पडते.

एक गोष्ट एसएसडीने सुटत नाही. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर मागते. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार नकोत. लिनक्स मिंट मोफत आहे, त्यात उर्दू-मराठी दोन्ही टाइप होते. इनपेज मात्र विंडोजचेच.

जुनी हार्ड डिस्क चालू असेल, तर फोटोंसाठी आतच जोडून ठेवावी. भंगारात द्यायचीच असेल, तर नुसते क्विक फॉरमॅट पुरत नाही. त्याने फायलींची यादी पुसली जाते, फायली तिथेच राहतात आणि घरातल्या बायका-मुलींचे फोटो कोणीही परत काढू शकतो. पूर्ण फॉरमॅट करावे, त्याला काही तास लागतात. डिस्क सुरूच होत नसेल, तर ती उघडून चकत्यांवर हातोडा चालवावा.