मणक्याचं ऑपरेशन सुरू असताना पाय शाबूत आहेत हे डॉक्टरांना कसं कळतं?

"मणक्याचं ऑपरेशन? नको बाप्पा! पाय गेले तं?"

अमरावतीचं इर्विन असो की अकोल्याचं सर्वोपचार, मणक्याचा विषय निघाला की नातेवाइकांच्या मनात पहिली भीती हीच असते. ती अगदीच खोटी नाही. मणक्यांच्या पोकळीतून साधारण ४५ सेंटिमीटरची मज्जारज्जूची दोरी जाते. ती दुखावली तर हातपाय लुळे पडू शकतात. पण पेशंट भुलीत असताना हे कळणार कसं?

१९७३ मध्ये फ्रान्समधल्या स्टॅग्नारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा उपाय मांडला. ऑपरेशन चालू असतानाच भूल हलकी करायची, पेशंटला पायाची बोटं हलवायला सांगायचं आणि परत झोपवायचं. याला वेक-अप टेस्ट म्हणतात. पण तिच्यातून फक्त त्याच क्षणाची स्थिती कळते. दहा मिनिटांनी काही बिघडलं तर?

म्हणून आता वायरी लावतात. घोट्याजवळच्या नसेला विजेचा हलका झटका देतात आणि तो संदेश मेंदूपर्यंत पोचला का, हे डोक्यावरच्या इलेक्ट्रोडवर बघतात. ही झाली संवेदनेची वाट. हालचालीची वाट वेगळी असते, त्यामुळे ती उलट्या दिशेने तपासावी लागते. म्हणजे झटका डोक्याला आणि नोंद पायाच्या स्नायूत. या झटक्याने जबडा करकचून मिटतो, म्हणून जीभ चावू नये यासाठी दातांमध्ये बोळा ठेवतात. स्नायू सैल करणारी औषधं आणि वासाची भूल या संदेशांना दाबतात. त्यामुळे भूलतज्ज्ञ बहुतेक वेळा शिरेतून भूल देतात.

संवेदनेच्या संदेशाची उंची निम्म्यावर आली की धोक्याची घंटा! आधी वायर निसटली नाही ना, हे बघायचं. मग रक्तदाब वाढवायचा, नुकताच बसवलेला स्क्रू किंवा रॉड सैल करायचा. वेळीच लक्षात आलं तर नुकसान बरेचदा टळतं, पण शंभर टक्के हमी नाही.

प्रत्येकालाच हे लागतं का? नाही. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते, त्याखाली नसांचा झुपका असतो. त्यामुळे कमरेतल्या साध्या स्लिप डिस्कच्या ऑपरेशनला बरेचदा याची गरज पडत नाही. वाकडा कणा सरळ करायचा असेल किंवा मज्जारज्जूतली गाठ काढायची असेल, तर मात्र तारीख ठरवण्याआधीच सर्जनला विचारायचं: "डॉक्टरसाहेब, न्यूरोमॉनिटरिंग आहे का? नसेल तर वेक-अप टेस्ट करणार का?"